माइनक्राफ्ट या गेममध्ये दुसरं नेदर पोर्टल (नेदर या पाताळासारख्या जगात नेणारं दार) बांधलं, तरी नेदरमध्ये पहिल्याच पोर्टलपाशी का निघतो?

कारण नेदर हे वरच्या जगाचं आकसलेलं समांतर जग आहे. तिथला 1 ब्लॉक म्हणजे वरचे 8. हे गुणोत्तर फक्त एक्स आणि झेड या आडव्या दिशांना लागू आहे. वाय, म्हणजे उंची, तशीच राहते.

समजा, वर पहिलं पोर्टल 800, -400 (एक्स, झेड) वर आणि दुसरं 860, -400 वर आहे. 8 ने भागलं की नेदरमध्ये 100, -50 आणि 107, -50. अंतर जेमतेम 7 ब्लॉक! गेमच्या कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत (1.16.2 पासून) गेम नेदरमध्ये 16 ब्लॉकच्या आत जुनं पोर्टल सापडलं तर नवं बनवतच नाही. म्हणून वर 128 ब्लॉकच्या आतली पोर्टलं हमखास गोंधळ घालतात.

उपाय: पहिल्या पोर्टलमधून नेदरमध्ये जा, एफ3 दाबून आकडे पाहत 107, -50 गाठा आणि तिथे स्वतः चौकट उभारून पेटवा. कोपरे वगळले तर ऑब्सिडियनचे (लाव्हावर पाणी ओतून बनणाऱ्या काळ्या दगडाचे) 10 ब्लॉक पुरतात. ते वरूनच न्या, कारण नेदरमध्ये बादलीतलं पाणी वाफ होऊन जातं. पोर्टल पेटवायला चकमकही जवळ हवीच, घास्टचा (नेदरमधल्या उडत्या राक्षसाचा) आगीचा गोळा लागला की पोर्टल विझतं.

उंचीकडे मात्र बहुतेक जण दुर्लक्ष करतात. सर्वांत जवळचं पोर्टल निवडताना गेम उंचीचा फरकही मोजतो. वरचं पोर्टल वाय 70 वर आणि नेदरमधलं वाय 30 वर असेल, तर आडवे आकडे अचूक असूनही चुकीच्या दारातून बाहेर पडू शकता.