कर्जाचं सँक्शन, देशावरची सँक्शन्स

प्रश्न : 'लोन सँक्शन झालं' म्हणजे कर्ज मंजूर झालं. मग 'त्या देशावर सँक्शन्स लादली' याचा अर्थ निर्बंध कसा होतो? एकाच शब्दाचे इतके उलटे अर्थ?

उत्तर : भाषांतराचं काम करताना या शब्दापाशी मी आजही थांबते. एकदा मसुदा तपासत होते. मूळ वाक्य होतं, 'द कमिटी सँक्शन्ड द मेंबर'. भाषांतर होतं, 'समितीने सदस्याला मंजुरी दिली'. प्रत्यक्षात समितीने त्याच्यावर कारवाई केली होती! माणसावर ठपका आला होता आणि आम्ही त्याला शाबासकी देऊन मोकळे होणार होतो. तेव्हापासून मी आधी वाक्यातलं कर्म बघते, म्हणजे काय किंवा कोण सँक्शन झालं ते. खर्च, कर्ज, रजा, योजना सँक्शन झाली तर मंजुरी. माणूस, कंपनी किंवा देश सँक्शन झाला तर बहुतेक वेळा दंड. 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' दिसलं की निर्बंधच समजा, आणि अनेकवचनी 'सँक्शन्स' तर बातम्यांत जवळजवळ नेहमी त्याच अर्थाने येतो.

आता मुळाकडे जाऊ. लॅटिनमध्ये 'सांकिरे' म्हणजे पवित्र, अनुल्लंघनीय ठरवणं. 'सेंट' आणि 'सँक्च्युअरी' याच कुळातले. जे असं ठरलं तो कायदा, आणि कायद्याला दोन बाजू : त्याने मान्यता मिळते, तो मोडला तर शिक्षा होते. इंग्रजीने दोन्ही बाजू एकाच शब्दात ठेवल्या. देशांवरच्या निर्बंधांचा अर्थ विसाव्या शतकात रुळला. इथिओपियावर हल्ला केला म्हणून 1935 मध्ये राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) इटलीवर लादले ते असेच निर्बंध.

हे परकं वाटत असेल तर आपला 'शासन' शब्द घ्या. 'शासनाने अनुदान दिलं' आणि 'गुन्हेगाराला कडक शासन झालं' ही दोन्ही वाक्यं आपण न अडखळता वाचतो. शास् या धातूत आज्ञा करणं, शिकवणं, दंड करणं हे सगळं आहे; 'शिष्य'ही त्यातलाच. मला ही जोडी फार आवडते.

एक तिसरी छटाही सांभाळा. 'सोशल सँक्शन'चं भाषांतर 'सामाजिक मंजुरी' असं सरसकट करू नका. प्रथेला लोकांचा पाठिंबा आहे असं म्हणायचं असेल तर 'समाजमान्यता' लिहा. समाजशास्त्राच्या पुस्तकात मात्र तो शब्द बहिष्कारासारख्या शिक्षेसाठीही येतो, तेव्हा पुढचं-मागचं वाक्य वाचल्याशिवाय पेन उचलू नका.