सही करण्याआधी पासपोर्ट घेऊन ये

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

चवथीला गणपतीपुढच्या माटोळीखाली बसून तू जे सांगितलंस, ते अजून डोक्यात घोळतंय. कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम रहिवाशाचं, कार्ड संपून काही महिने झाले. दुबईची नोकरी डिसेंबरपर्यंतच. आणि एजंट म्हणतो, पीआर गेलाच आहे, तर तो सोडल्याच्या फॉर्मवर सही कर, मग व्हिजिटर व्हिसा काढून पुढचं बघू. बाबा, ही सही इतक्यात करू नकोस. घाईने लिहितोय ते त्यासाठीच.

कार्ड वेगळं आणि दर्जा वेगळा. कार्डाची मुदत संपली म्हणून कायम रहिवाशाचा दर्जा आपोआप जात नाही. तिथे राहायचे दिवस भरले नाहीत असा निर्णय अधिकाऱ्याने द्यावा लागतो आणि अपिलाची वाट संपून तो कायम व्हावा लागतो. तुझ्याबद्दल असा निर्णय आजवर कुणी दिलेला नाही. फॉर्मवर सही केलीस, तर मात्र तू स्वतःच तो दर्जा सोडलेला असशील. मग पुन्हा पहिल्यापासून गुणांच्या रांगेत उभं राहणं आलं. तिथे वयाचे गुण तिशीपासून उतरत जातात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात. तू छत्तीसचा आहेस.

नियम असा की ५ वर्षांत ७३० दिवस तिथे राहायला हवं. अर्ज करशील त्या दिवसापासून मागची ५ वर्षं मोजतात. उतरलेला आणि निघालेला दिवसही धरतात. कॅनडाच्या कंपनीने पूर्णवेळ नोकरीवर बाहेर पाठवलं असेल, किंवा नवरा वा बायको कॅनडाची नागरिक असून तिच्याबरोबर बाहेर राहत असशील, तर ते दिवस धरता येतात. तुझी दुबईची कंपनी त्यात बसत नाही. थोरली कॅनडातच, ब्रॅम्प्टनला जन्मली, ती नागरिक आहे, पण मुलीबरोबर राहिल्याने आईबापांचे दिवस भरत नाहीत. बऱ्याच घरांत हा गैरसमज पाहिला, आमच्याही घरात होता.

दिवस कमी पडले तरी कायद्यात एक दार आहे. माणुसकीच्या कारणांवरून अधिकारी दर्जा टिकवू शकतो, आणि त्यात मुलांचं हित बघावंच लागतं. त्या दाराशी आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा मस्कतहून प्रवासाच्या कागदासाठी अर्ज केला, कारण चालू कार्ड किंवा तो कागद नसेल तर विमानात चढू देत नाहीत. कारण म्हणून एकच ओळ लिहिली होती, 'कौटुंबिक जबाबदारीमुळे'. नकार आला. अपिलाला ६० दिवस असतात, त्यातले बरेचसे मी रुसून घालवले.

मग फोंड्याच्या घरी, भर पावसात, जेवणाच्या टेबलावर सहा पासपोर्ट मांडले. दमट हवेने पानं चिकटली होती. तुझ्या काकूने ती सुरीच्या पात्याने एकेक सोडवली. मस्कतचा निघाल्याचा शिक्का आल्याच्या शिक्क्यावरच बसला होता, तारीख लागेना. शेवटी जुन्या कालनिर्णयांवर तिने लिहिलेलं 'हे आले', 'हे गेले' कामाला आलं. बाबांना अर्धांगवायू झाला त्या दिवसाच्या चौकोनात फक्त 'बांबोळी', म्हणजे तिथलं सरकारी इस्पितळ, एवढंच लिहिलेलं होतं. तिथून पुढचे सगळे कागद जमवले: डिस्चार्जचे कागद, माझी रजेची पत्रं, मुलीचे शाळेचे दाखले.

अपिलाची सुनावणी फोनवर झाली. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं, वडील गेल्यावर चौदा महिने तुम्ही मस्कतलाच का थांबलात? मी खरं तेच सांगितलं. मुलीचं दहावीचं वर्ष होतं आणि घराचं कर्ज फिटायचं होतं. कारण अर्धं पटण्यासारखं, अर्धं नव्हे, हे मला बोलतानाच कळत होतं. तरी अपील मंजूर झालं. तुलाही हाच प्रश्न येईल: अडचण संपल्यावर लगेच का परतला नाहीत? चांगला पगार हे उत्तर त्यांच्या तराजूत हलकं पडतं. पण म्हणून अर्जात आईचं आजारपण ताणून लांबवू नकोस. खोटं उघडं पडलं तर ५ वर्षं देशाचं दार बंद होतं, आणि आईच्या नावावर खोटं लिहिल्याची बोच राहते ती वेगळीच.

अमेरिकेच्या बाजूने गाडीने सीमेवर जायचं, असंही तुला कुणी सुचवेल. रहिवाशाला आत जायचा हक्क आहे, त्यामुळे हा मार्ग बेकायदा नाही. पण अधिकाऱ्याने तिथेच अहवाल लिहिला, तर त्यानंतर तिथे काढलेले दिवस धरत नाहीत आणि अपिलाला ३० दिवसच मिळतात. दोन लहान मुलांना घेऊन हा जुगार मी खेळलो नसतो.

प्रत्येकाचा हिशोब वेगळा करावा लागेल. थोरलीला प्रवासाचा कागद नकोच, तिचा कॅनडाचा पासपोर्ट आधी काढून घे. धाकट्याला लहानपणी बाहेर ठेवलं ते तुम्ही, त्याने ठरवलं नव्हतं, हे त्याच्या अर्जात स्पष्ट लिही. तुम्हा दोघांपैकी एकाचाच दर्जा टिकला, तरी तो तिथे राहून दुसऱ्याला बोलावू शकतो. आणि मागच्या ३६५ दिवसांत तू एकदा तरी तिथे पाऊल ठेवलं असशील, तर नकारावर अपील करून त्या काळात परत जाण्यासाठी कागद मागता येतो. मार्चमध्ये ऑफिसच्या कामाने टोरांटोला गेलो होतो म्हणालास ना? त्या प्रवासाचा बोर्डिंग पास शोध.

एक गोष्ट मात्र तुम्ही दोघांनी आधी बोलून घ्या. परत गेल्यावर सलग दोन वर्षं तिथेच राहायची तयारी आहे का? पहिल्या हिवाळ्यात मनासारखी नोकरी मिळाली नाही तरीही? मी ते धरून राहिलो, म्हणून आज मुलगी तिथे आहे आणि आम्ही इथे निवांत आहोत. तुमचं उत्तर 'नाही' असेल, तर सहीचा विचार तेव्हा करू, आणि त्यात कमीपणा काही नाही.

रविवारी सकाळी घरी ये. सगळ्यांचे पासपोर्ट आण, रद्द झालेलेसुद्धा. सूनबाईला बरोबर आणच, तारखा तिलाच आठवत असतील. एजंटला तोवर एवढंच कळव की फॉर्म अजून भरलेला नाही.

तुझा,
काका