वीस कुंड्या म्हणजे वीस झाडं नव्हेत

प्रश्न : मास्तर, आमचं गाव कोयनेच्या अंगाला. परवा एक व्यापारी येऊन गेला, नरक्या नावाच्या रानझाडाच्या वाळक्या ढलप्यांना किलोवर भाव देतो म्हणाला. रानातलं तोडायचं नाही एवढं कळतं. पण स्वतःच्या बांधावर लावला तर चालेल का? रानातली रोपं उपटून आणली तर लवकर येतील, असं पोरांचं म्हणणं.
— एक शेतकरी, ता. पाटण

उत्तर : लावा, जरूर लावा. पण आधी पोरांना आवरा. नरक्याचं रोप मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्यात वाढलेलं असतं. उपटताना त्याचं सोटमूळ तुटतं आणि बांधावरच्या उन्हात ते मान टाकतं. म्हणजे तुमच्याकडचं गेलं आणि रानातलंही गेलं.

भाव कशाला आहे तेही ऐका. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. पुढं ते आपल्या नरक्यातही निघालं. त्याच्यापासून केलेली टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधं आज कर्करोगावर वापरतात. (म्हणून कुणी घरी सालीचा काढा करायच्या नादाला लागू नये. ते औषध कारखान्यात होतं, पातेल्यात नाही. पातेल्यात होतं ते विष.) आता हे द्रव्य मुळातही भरपूर, त्यामुळे तोडणारा बुंध्याशी थांबत नाही, मुळासकट खणून काढतो. हातभर खुंट ठेवून कापलं तर नरक्याला फुटवे येतात. मूळच गेल्यावर फुटणार कुठून?

तेव्हा बियांपासून लावा. पावसाळा सरल्यावर फळं जांभळट काळी होतात, आत एकच बी. ओळखीच्या माणसाच्या मालकीच्या झाडाखाली पडलेली फळं वेचा, गर चोळून धुऊन काढा आणि बी सुकवत न बसता सावलीत पिशव्यांत टोचा. उगवायला दोन-तीन महिने सहज लागतात. महिनाभरानं पिशव्या उकरून बघणारे लोक मला माहीत आहेत, तसं करू नका. रोपं उघड्या बांधावर न लावता आंब्या-फणसाच्या आडोशाला लावा.

आणखी एक गोष्ट, जी रोपवाटिकेत कुणी सांगत नाही. नरक्याचं बरंचसं पपईसारखं असतं, नर वेगळा, मादी वेगळी. फूल येईपर्यंत कोण काय ते कळत नाही. दोन-तीन रोपं लावलीत आणि सगळी नर निघाली तर फळाची वाट बघत बसाल. दहा-बारा तरी लावा आणि बी एकाच झाडाचं घेऊ नका, चार वेगवेगळ्या झाडांखालचं घ्या. फुलोरा आल्याचं नाकालाच कळेल, वास काही चांगला नसतो.

लावल्या सालीच तलाठ्याकडून सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीतही घालायला लावा. उद्या विकताना हा माल बांधावरचा की अभयारण्यातला, हे तुम्हालाच दाखवावं लागेल. वाहतुकीचं वनखात्यात आधी विचारा. आणि जो व्यापारी ‘कुठून आणलं’ हे विचारतच नाही, त्याला चहा न पाजता वाटेला लावा.

प्रश्न : मित्रानं दिलेल्या एका फांदीपासून मी शिंदळ माकुडीच्या वीसेक कुंड्या केल्या आहेत. त्या सज्जनगडाच्या कड्यावर नेऊन लावाव्यात म्हणतो. दुर्मीळ वनस्पती वाचेल ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा हात चांगला आहे, पण हिशेब चुकतोय. एका फांदीच्या वीस कुंड्या म्हणजे एकच झाड वीस ठिकाणी. या कुळात बहुधा स्वतःच्याच परागावर शेंग धरत नाही. पुढची पिढी आली नाही तर कड्यावर नुसती तुमची बाग होईल.

माकुडी फांदीवरून सहज लागते, परदेशातले निवडुंगवेडेसुद्धा तिला काचघरात वाढवतात. माझ्याकडे ती गच्चीच्या कठड्यावर आहे. एरवी नुसते मांसल दांडे, पावसात पानं फुटतात आणि मग चांदणीसारखी लालसर तपकिरी फुलं, त्यांवर पिवळे ठिपके. माश्या येतात, घोटाळतात, जातात. इंग्रजांच्या काळातले वनाधिकारी डॅल्झेल यांनी हिच्या शास्त्रीय नावात बार्टल फ्रियर यांचं नाव घातलं. हे फ्रियर मुंबईचे गव्हर्नर होण्याआधी आपल्या साताऱ्यातच कारभार बघत होते.

तुमच्या मित्राची फांदी कुठली? शिवनेरीची, पुरंदरची, की पुण्याच्या नर्सरीतली? हे माहीत नसेल तर कड्यावर लावू नका. कुंडीच्या मातीतून पिठ्या ढेकूण मुळांना चिकटून जातो, तो तिथल्या मूळच्या झाडांना लागला तर उपकाराचा अपकार होईल. त्यापेक्षा ठिकाण पक्कं माहीत असलेली दुसरी दोन-तीन झाडं मिळवा, कुंड्या शेजारी-शेजारी ठेवा. शेंगा धरल्या तर पिकण्याआधी मलमलीची पिशवी बांधा, कारण बियांना कापसासारखा झुपका असतो, शेंग तडकली की वाऱ्यावर जातात. पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हेकडे किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाकडे ठिकाणाच्या चिठ्ठीसह बिया घेऊन जा. कड्यावर कधी, कुठं लावायचं ते त्यांना ठरवू द्या.

प्रश्न : शाळेतल्या मुलांनी गेल्या वर्षी जांभूळ आणि सीताअशोकाचे बीजगोळे केले. काही उरलेत. यंदा पावसात ओसाड सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या खडकावर, फेकावेत का?
— एक शिक्षिका, ता. शिराळा

उत्तर : नको, बाई. दोन्ही बिया सुकल्या की मरतात, गेल्या वर्षीच्या गोळ्यांत आता फक्त माती उरली असेल. आणि सडा ओसाड नसतो. मे महिन्यात तो तसा दिसतो, एवढंच. त्याच खडकावर पाऊस पडला की डबक्यांतून वायतुरा नावाची पाणवनस्पती वर येते, जी आपल्या सातारा भागापलीकडे फारशी कुठं नाही. दगडांच्या फटीत कंदीलपुष्पाचे कंद जागे होतात. कासच्या पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाचा मान मिळाला, तेही असल्याच उघड्या खडकाचं आहे. तिथं झाडं उगवलीच तर ही सगळी सावलीत मरतील.

जांभळं जूनमध्ये पडतात. त्याच आठवड्यात मुलांना ओढ्याकाठी घेऊन जा आणि बी हातानं मातीत टोचा. सीताअशोकालाही ओढ्याकाठची ओल आणि सावली लागते, त्याची शेंग पिकली की थेट तिथंच पेरा. गोळे करायची गरजच नाही.