स्कूनरवर हात चेमटला, कॅप्टन म्हणतो तू तर पाहुणा होतास

एका वाचकाचा मेल आलाय, नाव-गाव काढून थोडक्यात सांगते. मुलगा सांगलीकडचा, बोस्टनला डेटा सायन्समध्ये एमएस करतोय, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. पहिलं वर्ष मेमध्ये संपलं, इंटर्नशिप काही मिळाली नाही, चार्ल्स नदीवर सेलिंग शिकलेला होता म्हणून जूनमध्ये मेन राज्यात गेला आणि पेनॉबस्कॉट बेमधल्या बेटांवर प्रवासी फिरवणाऱ्या एका जुन्या लाकडी स्कूनरवर, म्हणजे शिडाच्या जहाजावर, डेकहँड (डेकवरचा खलाशी) म्हणून राहिला. पगार नाही. झोपायला बंक, तीन वेळचं जेवण, आणि ट्रिप संपल्यावर प्रवासी जी टिप ठेवतात त्यात वाटा, तोही व्हेन्मो या पेमेंट ॲपवर. ऑगस्टमध्ये यॉल बोट (स्कूनरला मागून ढकलणारी छोटी बोट) वर ओढताना डाव्या हाताची दोन बोटं कप्पीत चेमटली, ऑपरेशन झालं, पिना घातल्या, बिल आलं ३८,००० डॉलर. आता स्टुडंट इन्शुरन्सवाल्यांनी फॉर्म पाठवलाय, त्यात विचारलंय की दुखापत काम करताना झाली का. आणि कॅप्टन म्हणतोय की तू गेस्ट क्रू होतास, आल्या आल्या वेव्हरवर, म्हणजे दुखापतीची जबाबदारी आमची नाही अशा कागदावर, सही केलीस, तरी माणुसकी म्हणून १,५०० डॉलरचा चेक देतो, सोबतच्या कागदावर सही करून पाठव. मुलाचा प्रश्न असा की ताई, फॉर्मवर मी पॅसेंजर होतो असं लिहून टाकलं तर सगळंच मिटेल ना, व्हिसाची भानगडही नको.

नाही मिटणार रे. उलट आत्ता तुझ्याकडे एक अवघड प्रश्न आणि एक बऱ्यापैकी चांगला दावा आहे, "पॅसेंजर" लिहिलंस की दावा जाईल आणि प्रश्न दुप्पट होईल. ताई म्हणालास म्हणून तूच म्हणते, आणि जरा स्पष्ट बोलते.

पहिलं म्हणजे तू पॅसेंजर नव्हतास हे कागदावर आधीच लिहिलेलं आहे, तुला माहीत नसेल इतकंच. या स्कूनर म्हणजे कुणाची हौसेची बोट नाही. १९३६ मध्ये फ्रँक स्विफ्ट नावाच्या माणसानी कॅमडनहून जुन्या मालवाहू स्कूनरवर सुट्टीचे प्रवासी न्यायला सुरुवात केली तेव्हापासून तो तिकडचा धंदा आहे, १८७१ साली बांधलेल्या दोन स्कूनर अजून तिथे प्रवासी घेऊन फिरतात, आणि असे पैसे घेऊन सहाच्या वर प्रवासी नेणाऱ्या बोटीला कोस्ट गार्डचं सर्टिफिकेट ऑफ इन्स्पेक्शन लागतं. त्यात किमान किती डेकहँड पाहिजेत तेही लिहिलेलं असतं. आता मला सांग, सीझन सुरू व्हायच्या आधी तुला कुठल्यातरी क्लिनिकमध्ये पाठवून लघवीची टेस्ट करायला लावली होती का? मेलमध्ये तू एका ओळीत "पेपरवर्क अँड ड्रग टेस्ट" असं जाता जाता लिहिलंयस, मला वाटतं तुझ्या अख्ख्या मेलमधली सगळ्यात किमती ओळ तीच. तपासणी होणाऱ्या बोटीवर सुरक्षेशी संबंधित काम करणाऱ्या क्रूची ड्रग टेस्ट कोस्ट गार्डच्या नियमानी करावी लागते. पाहुण्याची लघवी कुणी तपासत नाही. तसंच बोटीवर स्टेशन बिल लावलेलं असतं, आग लागली, माणूस पाण्यात पडला तर कुणी काय करायचं ते. त्यावर तुझं नाव किंवा "डेकहँड २" असं काही असेल तर त्याचा फोटो शोध, नाहीतर बरोबरच्या मुलांकडून मागव.

अजून एक. बोटीवर कामाला असलेल्या माणसाला प्रथमोपचारापलीकडे डॉक्टरी उपचार लागले आणि तो नेहमीचं काम करू शकत नसेल तर मालकानी कोस्ट गार्डला लगेच कळवायचं असतं आणि पाच दिवसांत लेखी रिपोर्ट द्यायचा असतो, सीजी-२६९२ नावाचा फॉर्म. कॅप्टननी तो भरला का, आणि भरला तर त्यात तुला काय म्हटलंय, हे तुझ्या वकिलानी पहिल्याच आठवड्यात मागवायचं.

आता कायदा. अमेरिकेत समुद्रावर काम करणाऱ्याला, म्हणजे कायद्याच्या भाषेत "सीमन"ला, जमिनीवरच्या कामगारापेक्षा वेगळं आणि बरंच जास्त संरक्षण आहे. यातलं सगळ्यात जुनं म्हणजे मेंटेनन्स अँड क्युअर. बोटीच्या सेवेत असताना खलाशी आजारी पडला किंवा जखमी झाला तर तो आणखी सुधारणार नाही अशा टप्प्याला येईपर्यंत उपचाराचा खर्च मालकाचा, तोपर्यंत जमिनीवर राहण्या-खाण्याचा खर्चही मालकाचा, आणि चूक कुणाची हा प्रश्नच नाही. मालकाची चूक नसली तरी द्यायचं, तुझी थोडी असली तरी द्यायचं. हा नियम मध्ययुगातल्या युरोपातल्या समुद्री कायद्यांपासून चालत आलाय, आणि अमेरिकेत तो ठामपणे मांडला गेला १८२३ साली, जस्टिस स्टोरींच्या हार्डन विरुद्ध गॉर्डन या निकालात, आणि गंमत बघ, ती केस मेनमधलीच. म्हणजे तुझ्या कॅप्टनच्या अंगणातलाच कायदा आहे हा, दोनशे वर्षांचा, त्याला माहीत नसेल असं मी मानत नाही.

दुसरा जोन्स ॲक्ट, १९२० चा. मालकाचा किंवा त्याच्या माणसांचा निष्काळजीपणा दाखवता आला तर भरपाई, आणि त्यात तुझीही चूक निघाली तर तेवढी टक्केवारी कापतात, दावा बाद होत नाही. तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं: बोटीला इंजिन नाही, म्हणून ढकलायला मागे यॉल बोट, ती डेव्हिटला (बोट टांगायच्या आकड्याला) टांगायची, दोन्ही बाजूंचे दोर प्रवासी ओढतात कारण त्यांना मजा वाटते, बोट वर आली की क्रूनी स्टॉपर (मुख्य दोर तात्पुरता अडवणारा छोटा दोर) लावून दोर धरायचा आणि मग क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधायचा. त्या दिवशी मेट, म्हणजे कॅप्टनचा दुय्यम, खाली गॅलीत (स्वयंपाकघरात) होता, तुझ्या बाजूला तू एकटा, स्टॉपरचा दोर झिजलेला हे तू आधी दोनदा सांगितलेलं, प्रवाशांना वाटलं झालं आणि त्यांनी दोर सोडला, सगळं वजन स्टॉपरवर आलं, तो सरकला आणि हात कप्पीत गेला. यात माणसं कमी ठेवणं हा निष्काळजीपणा आहे, आणि झिजलेला दोर हा तिसराच दावा, अनसीवर्दिनेस, म्हणजे बोट आणि तिचं सामान कामाला योग्य नसणं. त्यात मालकाला ते माहीत होतं की नव्हतं यानी फरक पडत नाही. (तो दोर एव्हाना बदलला असणारच, म्हणून जुना फोटो कुणाकडे असला तर सोन्याचा आहे. प्रवासी तर फोटोच काढत असतात, गेस्ट बुकमधल्या त्या ट्रिपच्या लोकांना विचारायला सांग वकिलाला.)

वेव्हरचं टेन्शन सोड. तू सीमन ठरलास तर जोन्स ॲक्टखालची जबाबदारी आधीच सही घेऊन टाळता येत नाही, असा करार त्या बाबतीत रद्दबातल. प्रवाशाचं वेगळं, तुझं वेगळं.

मग खरी लढाई कुठे होणार तर "पगार नाही म्हणजे नोकर नाही" इथे. जोन्स ॲक्टला मालक-नोकर नातं लागतं, आणि निखळ स्वयंसेवकाला ते मिळवणं कठीण जातं, हे मी गोड करून सांगणार नाही. पण तू निखळ स्वयंसेवक नव्हतास. सकाळी सहाला उठवून डेक धुवायला लावणारा तो, सुट्टी कधी ते ठरवणारा तो, कामाच्या बदल्यात बंक, जेवण आणि टिपांचा वाटा देणारा तो. मोबदला रोखच लागतो असं नाही, आणि ताबा कुणाचा होता हे कोर्ट बघतं. बोटीशी नातं किती हवं यावर सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा चँड्रिस निकाल आहे, तिथे साधारण तीस टक्के वेळ जहाजाच्या कामात हा अंदाजाचा आकडा धरलाय, तू तर चोवीस तास तिथेच. एकच गोष्ट तपास, बोटीचं सर्टिफिकेट प्रवासी बोटीचं आहे की सेलिंग स्कूल व्हेसलचं. ट्रेनिंग शिप असेल तर तिथले विद्यार्थी आणि शिक्षक कायद्यानीच सीमन नाहीत, मग सगळं गणित बदलतं. पैसे भरून आलेले प्रवासी आणि बीचवर लॉब्स्टर बेक असं तू लिहिलंयस त्यावरून मला तसं वाटत नाही.

मेंटेनन्सबरोबर बुडालेली कमाईही येते, आणि पगार नसला तरी टिपा मोजता येतील असा मुद्दा मांडायला जागा आहे. १९९५ मध्येच एका क्रूझ जहाजावरच्या कर्मचाऱ्याच्या केसमध्ये अपील कोर्टानी नेहमी मिळणाऱ्या टिपाही धरल्या होत्या. ते कोर्ट फ्लोरिडाकडचं, मेनवर बंधनकारक नाही, पण वकिलाला माहीत असावं. आणि मालकानी हे मुद्दाम, उद्दामपणे अडवलं तर दंडात्मक भरपाई मागता येते, हे सुप्रीम कोर्टानी २००९ मध्ये सांगितलंय. तुझ्या वकिलाच्या पहिल्या पत्रात हे एक वाक्य गेलं की त्यांच्या विमा कंपनीचा सूर बदलतो, माझा अनुभव आहे.

आता व्हिसा, जिथे तुझी झोप उडालीय, आणि उडायलाच हवी. एफ-१ वर कॅम्पसबाहेर काम करायला सीपीटी, ओपीटी (अभ्यासाशी निगडित कामाच्या परवानग्या) किंवा तशी परवानगी लागते, डेटा सायन्सच्या एमएसला शीड ओढायची सीपीटी कुणी दिली नसती. आणि "पैसे घेतले नाहीत" हे इथे फार चालत नाही, राहणं-जेवण हाही मोबदलाच, टिपा तर आहेतच. म्हणजे परवानगीशिवाय काम, म्हणजे स्टेटसचा भंग. तुझ्या लक्षात आलं असेल, जी गोष्ट दाव्यात तुला तारते तीच इथे बुडवते. म्हणून मी क्रम सांगते, आधी इमिग्रेशन वकील, मग बाकी सगळं. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये मन मोकळं करायला जाऊ नकोस, डीएसओ (तिथला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी) भले माणूस चांगला असेल, तो तुझा वकील नाही आणि त्याला सेवीसमध्ये, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी-व्हिसा नोंदप्रणालीत, नोंदी कराव्या लागतात. स्टेटस गेलं तर परवानगीशिवाय काम केलेल्याला रिइन्स्टेटमेंट (स्टेटस परत मिळणं) मिळत नाही, मग भारतात जाऊन नवीन आय-२० (कॉलेजचं प्रवेशाचं प्रमाणपत्र) वर परत येणं हा एक मार्ग उरतो, त्यात व्हिसा अधिकाऱ्याचा प्रश्न आलाच. पुढे कधी नोकरीतून ग्रीन कार्ड करायचं झालं तर शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरच्या १८० दिवसांपर्यंतच्या अशा चुका माफ करणारं कलम आहे. तुझा उन्हाळा त्यात बसतो का, परत येऊन मोजणी नव्याने सुरू करायची का, हे तो वकील बघेल. पण खोटं लिहिणं माफ करणारं असं सोपं कलम नाही. आज इन्शुरन्सला "पॅसेंजर" लिहिलंस, उद्या तेच इमिग्रेशनच्या फॉर्मवर लिहावं लागेल, आणि ड्रग टेस्टचा कागद तर कुठेतरी पडलेलाच असेल.

बेकायदा काम होतं म्हणून दुखापतीचा दावाच करता येत नाही, अशी भीती कॅप्टन घालेल. तसं नाही. इमिग्रेशन स्टेटसमुळे जखमी खलाशाचा हक्क आपोआप जात नाही, भविष्यातली कमाई अमेरिकेच्या दरानी मोजायची का यावर वाद होऊ शकतो एवढंच, आणि व्हिसाबद्दलचे प्रश्न मर्यादित ठेवायला कोर्टाकडून आदेशही मागता येतो. शिवाय त्याचे हातही स्वच्छ नाहीत. अमेरिकन डॉक्युमेंटेड (सरकारकडे नोंदलेल्या) बोटीवर क्रू म्हणून नागरिक किंवा ठरावीक प्रमाणात ग्रीन कार्डवालेच घेता येतात, स्टुडंट व्हिसावाला नाही. तू "गेस्ट" असणं तुझ्यापेक्षा त्याला जास्त सोयीचं आहे, ते यासाठी.

घाई नाही, दावा लावायची मुदत तीन वर्षं आहे, पण पुरावा तीन वर्षं टिकत नाही. व्हेन्मो डिलीट करू का विचारलंस, अजिबात नाही, कॅप्टनचे मेसेजही नाही, पुरावा पुसला हे दावा बुडवायला पुरतं. पी अँड आय म्हणजे बोटमालकाच्या विमा कंपनीचा माणूस गोड बोलून फोनवर रेकॉर्डेड स्टेटमेंट मागेल, देऊ नकोस. कॉलेजात क्रिकेट खेळताना त्याच हाताचं बोट मोडलं होतं असं लिहिलंयस, बोटीच्या मेडिकल फॉर्मवर ते विचारलं होतं आणि तू लपवलंस असं असेल तर आपल्या वकिलाला पहिल्या दिवशी सांग, त्यावरून मेंटेनन्स नाकारायचा एक बचाव आहे. पैशाचं म्हणशील तर असे वकील बहुतेक मिळालेल्या रकमेच्या साधारण एक तृतीयांशावर काम करतात, आणि खलाशाला अशा दाव्यात फेडरल कोर्टाची फी आगाऊ भरावी लागत नाही.

इन्शुरन्सचा फॉर्म परत करायला मुदतवाढ माग, लेखी, कारण फक्त "वकिलाचा सल्ला घेतोय". भरशील तेव्हा खरं भर, आणि हॉस्पिटलच्या बिलिंगला कळव की मालकाकडे मागणी चालू आहे, बिल कलेक्शनला (वसुली कंपनीकडे) पाठवू नका. कॅप्टनच्या कागदावर सही नको. खलाशानी सही केलेली सुटका, म्हणजे मालकाला जबाबदारीतून मोकळं करणारा कागद, खरी होती, फसवणूक नव्हती, हक्क समजून सही केली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी १९४२ पासून मालकावरच आहे, पण सही करून मग कोर्टात भांडण्यापेक्षा न केलेली बरी. आणि तो १,५०० चा चेक बँकेच्या ॲपमध्ये फोटो काढून टाकू नकोस, त्याच्या मेमोत किंवा मागे "फुल अँड फायनल" असं काही लिहिलंय का ते बघ, दोन्ही बाजूंचा फोटो काढ आणि पाकिटासकट वकिलाकडे दे.