वाचक विचारतात : उभ्या पिस्टनचं इंजिन

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅस गावी जुन्या लाकूड कंपनीच्या रेल्वेत बसलो. इंजिनाचे पिस्टन फक्त उजव्या बाजूला, तेही उभे! शिवाय चढावर इंजिन मागून ढकलत होतं. असं का? आणि त्या कंपनीचं काय झालं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, तुम्ही पाहिलंत ते शे इंजिन. एफ्राइम शे हा मिशिगनचा लाकूडवाला, ओंडके बर्फावरून घसरगाडीने ओढायचे म्हणजे हिवाळ्याची वाट बघत बसायचं, म्हणून त्याने स्वतःच खटपट करून हे इंजिन बनवलं आणि 1881 मध्ये पेटंट घेतलं. उभे पिस्टन एक लांब दांडा फिरवतात आणि त्या दांड्यावरचे गिअर प्रत्येक चाकाला जोर देतात, त्यामुळे घाईघाईत टाकलेल्या वाकड्यातिकड्या रुळांवरही चाक जागच्या जागी फिरत नाही. पिस्टनचं वजन उजवीकडे म्हणून बॉयलर मुद्दाम डावीकडे सरकवलेला असतो, समोरून बघितलं की इंजिन चक्क तिरकं वाटतं. आवाज एक्स्प्रेसचा आणि स्पीड बैलगाडीचा!

आणि तिथला चढ काही ठिकाणी 100 फुटांना 11 फूट आहे, आपल्या माथेरानला जास्तीत जास्त 5. मग डबा सुटला तर थेट खाली दरीच्या दिशेने, म्हणून इंजिन उताराच्या बाजूला ठेवतात.

लाइन 1901 मध्ये सुरू झाली, वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीसाठी. डोंगरावरचं स्प्रूस (देवदारासारखं सुईच्या पानांचं झाड) तोडायचं, खाली आणायचं, त्यातलं बरंच कागदासाठी कोव्हिंग्टनच्या मिलला जायचं. गावही कंपनीचंच, पांढऱ्या रंगाची एकसारखी घरं बघितली असतीलच, ती कामगारांची. चांगलं जंगल संपत आल्यावर 1942 मध्ये मोअर लंबर कंपनीने सगळं विकत घेतलं आणि दुसऱ्यांदा वाढलेली झाडं तोडत 1960 पर्यंत कसंबसं रेटलं. मग कॅसची लाकूड मिल बंद, रूळ भंगारात जायच्या बेतात. पण रेल्वेवेडे लोक सरकारच्या मागे लागले (हे वेड सगळीकडे सारखंच), राज्याने लाइन घेतली आणि 1963 पासून ओंडक्यांच्या जागी टुरिस्ट.

1905 सालचं पाच नंबरचं शे इंजिन इतक्या वर्षांनीही त्याच लाइनवर आहे, तुमच्या फोटोत नंबर दिसतोय का बघा बरं.