विचारायला लाजू नकोस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्यात बीएस्सीला तुझा प्रवेश पक्का झाल्याचं आईनं फोनवर सांगितलं. आनंद होताच, पण तिच्या आवाजात धास्तीही होती. घरातली पहिलीच मुलगी शिकायला जिल्ह्याबाहेर निघाली आहे, तेव्हा एवढं व्हायचंच. मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवते आहे. माण-खटाव, जत-आटपाडी, बीड, धाराशिव, कुठून कुठून आलेली मुलं दर वर्षी समोर बसतात. बारावीला चांगले मार्क घेऊन आलेली त्यातली काही जणं पहिल्याच सत्रात मागं पडतात, आणि माझा जीव तुटतो. कारण बहुतेक वेळा त्यांचं अडलेलं असतं ते एका प्रश्नावाचून. ऑफिसात विचारलं नाही, सरांना विचारलं नाही, वरच्या वर्गातल्या ताईला विचारलं नाही. म्हणून तू निघायच्या आधी हे लिहिते आहे.

शाळेत आणि ज्युनिअर कॉलेजात तुझ्यामागं माणसं होती. फॉर्म राहिला तर बाई नाव घेऊन उभं करायच्या, दोन दिवस दिसली नाहीस तर पप्पांना फोन जायचा. इथं तारीख नोटीस बोर्डावर लागते, ग्रुपवर येते आणि निघून जाते. तुझं नाव घ्यायला कुणी येत नाही. पंच्याहत्तर टक्के हजेरीचं गणितही असंच गुपचूप चालू असतं. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं. त्यात गणपतीला आठवडाभर घरी, मग मामेभावाचं लग्न, मग अंगात कणकण, असं करता करता हजेरी खाली गेलेली असते आणि ते परीक्षेच्या तोंडावर कळतं. महिन्याच्या शेवटी ज्या त्या विषयाच्या शिक्षकांना आपली हजेरी विचारून घेत जा. राग कुणालाच येत नाही.

निघायच्या आधी कागदांचं उरकून घे. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र. शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत कॉलेज ठेवून घेतं, तेव्हा देण्याआधी पाच-सहा झेरॉक्स काढ आणि फोनमध्ये स्वच्छ स्कॅन ठेव. तहसीलच्या सेतूतली कामं आत्ताच कर. एकदा तू इकडे आलीस की एकेका दाखल्यापायी पप्पांचा कामाचा दिवस मोडतो. आणि आधार, गुणपत्रक, बँकेचं पासबुक या तिन्हींवर तुझ्या नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आज रात्रीच बघ. एका अक्षराच्या फरकानं शिष्यवृत्ती अडलेली मी पाहिली आहे.

शिष्यवृत्तीचं बहुतेक काम महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून होतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी स्वाधार, अशा बऱ्याच योजना आहेत. तुला कोणती लागू होते ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचार. मैत्रिणीला मिळाली म्हणून तोच फॉर्म भरू नकोस. मुलींना शंभर टक्के फी माफ झाली, असं तू ऐकलं असशील. २०२४ च्या जुलैमधला तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, त्यालाही प्रवर्गाची आणि आठ लाखांच्या उत्पन्नाची अट आहे. तेव्हा बीएस्सीला ते धरून चालू नकोस.

फॉर्म भरला की काम संपलं असं पोरांना वाटतं, आणि घोडं तिथंच अडतं. फॉर्म आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. कागद अस्पष्ट असला, काही जुळलं नाही, तर तो सेंड बॅक होतो. तो परत आलाय हे तुला पोर्टलवर जाऊनच बघावं लागतं. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस बघायचं, अगदी खात्यात पैसे जमा होईपर्यंत. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. तुझी दोन खाती असतील तर त्यातलं कोणतं जोडलंय ते बँकेत विचारून घे. पुढच्या वर्षी नूतनीकरण करावं लागतं, तेही डोक्यात ठेव.

अभ्यासक्रमाचं नवं रूप तुला सुरुवातीला गोंधळात टाकेल. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर सगळं श्रेयांकात, म्हणजे क्रेडिटमध्ये, मोजतात. तासिकांचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक. वेळापत्रकात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (निवडीचा विषय), भारतीय ज्ञानप्रणाली अशी नावं दिसतील. ओपन इलेक्टिव्ह विज्ञानाबाहेरचं घ्यायचं असतं. तिथं 'कशाला मार्क पडतात' यावर जाऊ नकोस, ज्याचं कुतूहल आहे ते घे. मेजर कधी आणि कशावरून ठरणार, आणि नंतर बदलता येतो का, हे पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना विचार. हे उत्तर गावातल्या कुठल्याही दादाकडे मिळणार नाही, कारण त्याच्या वेळी ही पद्धतच नव्हती. श्रेयांक जमा होण्यासाठी एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांकांच्या बँकेतला तुझा क्रमांक, लागतो, तो डिजिलॉकरवरून काढता येतो.

प्रयोगशाळेबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण माझा जीव तिथं आहे.

अकरावी-बारावीला बऱ्याच ठिकाणी प्रयोग नावापुरते होतात. जर्नल आधीच्या बॅचचं बघून उतरवलं जातं. तुझ्याकडेही तसंच झालं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस, पण इथं तसं करू नकोस. पहिल्या काही आठवड्यांतच ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मोजमापाची काचनळी, हातात येईल. आधी पाण्यानं आणि मग जे द्रावण भरायचं त्याच द्रावणानं ती खंगाळायची. टोकात हवेचा बुडबुडा अडकलाय का बघायचं, वरचं नरसाळं काढून ठेवायचं. डोळा द्रावणाच्या पातळीशी सरळ रेषेत आणून वक्राच्या तळाचं रीडिंग घ्यायचं. शंकूपात्रातल्या आम्लात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे दोन थेंब टाकून वरून सोडिअम हायड्रॉक्साइड सोडायला लागलीस की थेंब पडेल तिथं गुलाबी होतं आणि पात्र हलवलं की नाहीसं होतं. हे नाहीसं व्हायला वेळ लागू लागला की हात आवर, एकेक थेंब सोड. खाली पांढरी टाइल ठेवलेली असते, तिच्यावर जेमतेम दिसेल इतका फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं.

बहुतेकींचं पहिल्यांदा गर्द गुलाबीच होतं. मग शेजारणीचं रीडिंग १०.२ मिली आलंय म्हणून आपलंही १०.२, आणि तेही तिन्ही वेळा! वहीवर नजर टाकताच ते आम्हाला कळतं. नवख्या हाताची रीडिंगं थोडीफार हलणारच. तुझं ११.४ आलं तर ११.४ लिही आणि सरळ विचार, 'मॅडम, रंग गर्द झाला, पुन्हा करू का?' असं विचारणाऱ्या मुलीला शिकवायला मला फार आवडतं. मागं एकीनं विचारलं होतं, 'मॅडम, बाजूला ठेवलेल्या पात्रातला गुलाबी रंग थोड्या वेळानं आपोआप कसा गेला?' हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या द्रावणात विरघळतो आणि उरलेला आम्लारी संपवतो, म्हणून रंग जातो. तिनं ते मराठीतच विचारलं होतं. दोन मिनिटांत सगळी बॅच तिच्या टेबलाभोवती जमली, आणि त्या दिवशी मुलांना जेवढं कळलं तेवढं माझ्या तासभराच्या व्याख्यानात कळलं नसतं. जर्नलवर सही त्याच आठवड्यात घेत जा. सत्र संपताना प्रयोगशाळेबाहेर जी रांग लागते तीत तू दिसू नयेस.

आता इंग्रजीचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, बारावीचं विज्ञान इंग्रजीतून केलंस, तरी भर वर्गात तोंड उघडायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो, हे मला माहीत आहे. तू मराठीत विचार. शिक्षक मराठी नसले तर मोडक्या हिंदीत विचार, मोडक्या इंग्रजीत विचार. वर्गात नाहीच जमलं तर तास संपल्यावर दाराशी गाठ. महागड्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे घालण्याआधी पाठ्यपुस्तकाचं एक पान रोज मोठ्यानं वाच. अडलेल्या शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन फुकट आहेत, मराठी विश्वकोशही आहे. संकल्पना आधी मराठीत पक्की कर, मग इंग्रजीत लिही. प्रश्नपत्रिकेतली क्रियापदं नीट बघायला शीक. डिराइव्ह (सूत्र सिद्ध करा) म्हटलेलं असताना कितीतरी मुलं नुसतं सूत्र लिहून येतात. डिस्टिंग्विश (फरक सांगा) म्हटलं की दोन व्याख्या लिहून मोकळी होतात. येत असूनही मार्क जातात ते असे.

तुझ्या बोलण्याला कुणी हसलं तर हसू दे. माणदेशी बोली तू आईकडून घेतली आहेस, ती टाकून द्यायचं काही कारण नाही. प्रमाणभाषा लिहिण्यापुरती आणि गरजेपुरती आपसूक येते. हसणाऱ्यांच्या भीतीनं गप्प बसलीस तर मात्र नुकसान तुझं होईल.

राहण्याचं अजून नक्की झालेलं नाही असं आई म्हणाली. कॉलेजच्या वसतिगृहाची यादी लागेपर्यंत थांबू नका. विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून गावाकडच्या मुलामुलींसाठी पुण्यात वसतिगृहं चालवते आहे, तिथं लगेच अर्ज कर. खाजगी खोलीत कॉट घ्यावी लागली तर डिपॉझिटची पावती मागून घे आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं ते लेखी घे. मेस लावताना खाडे धरतात का, किती दिवसांचे धरतात, आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जेवण असतं का, हे आधी विचार. पहिले दोन-तीन दिवस सुटं जेवून बघ, मग महिन्याचे पैसे भर.

पैशाची ओढ लागली तर कमवा व शिका योजनेत नाव दे. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या वसतिगृहांतून आपल्या जिल्ह्यातली किती घरं वर आली हे तुला आजोबांनी सांगितलं असेल. त्यांच्याच नावानं पुणे विद्यापीठाची ही योजना चालते. ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत रोज थोडे तास काम करायचं, त्याचे पैसे मिळतात. त्यात कमीपणा तर नाहीच, उलट ऑफिसातली माणसं ओळखीची होतात आणि कुठला कागद कुठं जातो ते कळतं. फोनवर झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. आधी मला फोन कर.

घरची आठवण येणारच. पहिले दोन महिने दर शनिवारी स्वारगेट गाठावंसं वाटेल. एसटीला बायकांना निम्मं तिकीट आहे, तेव्हा पैशाचीही अडचण नाही. तरी पहिल्या महिन्यात एखादा रविवार मुद्दाम इथं काढ. मैत्री अशाच रिकाम्या दिवशी होते. एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) जायचं असेल तर सुरुवातीलाच नाव नोंदव. सात दिवसांचं शिबिर असतं, तिथं जमलेली माणसं पुढं कुठं कुठं कामी येतात.

रॅगिंग कायद्यानं गुन्हा आहे, महाराष्ट्रात १९९९ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. 'सगळ्यांचंच होतं' असं कुणी म्हणालं तरी सहन करू नकोस. १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मदत क्रमांक फोनमध्ये भरून ठेव. मुलींच्या छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती असावीच लागते, तिच्यावर कोण आहे ते फलकावर वाचून ठेव. मन फार खचलं, झोप उडाली, तर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि घरी लपवू नकोस. पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला तर तो एटीकेटीत, म्हणजे पुढं जाऊन पुन्हा परीक्षा देऊन, सुटतो. आईपासून लपवलेलं मार्कलिस्ट मात्र पोरींना आतून पोखरतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

माझा पत्ता आईकडे आहे. आल्यावर पहिल्या आठवड्यात जे जे अडेल ते एका वहीत लिहून ठेव, फी पावतीपासून बसच्या नंबरापर्यंत काहीही. रविवारी सकाळी ती वही आणि कागदांची फाइल घेऊन घरी ये. जेवण इथंच कर. जे तुझं तुला विचारता येण्यासारखं असेल ते मी विचारणार नाही, कुणाला आणि कसं विचारायचं ते सांगेन. सोमवारी तू जाऊन विचार.

तुझी,
मावशी