चहा उकळेपर्यंत

ध्यानाला बसणं जमत नसेल तर बसू नका. रोजचं एकच काम निवडा आणि तेवढंच पूर्ण लक्ष देऊन करा. सकाळचा चहा सगळ्यात सोपा, कारण ओट्यापाशी चार-पाच मिनिटं उभं राहावंच लागतं. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. ओट्यावर पालथा ठेवलात तरी हात जातोच.

आधण ठेवलं की दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकवा, खांदे सोडा, आवळलेला जबडा सैल करा. नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून भर तिथेच द्यायचा. पाच-सहा श्वास पुरतात. गरगरलं तर श्वास फार खोल होतोय. मोजणं सोडून नेहमीसारखा घ्या. मग नुसतं ऐका: आधी भांड्याच्या तळाशी बारीक सूं आवाज येतो, मग खळखळ.

मन डब्याकडे, ऑफिसकडे पळणारच. नवखे इथेच हिरमुसतात. विचार थांबवायचेच नाहीत, पुन्हा आवाजाकडे यायचं, बस! पहिला आठवडा एवढंच करा. भांडी, जिना, बसस्टॉप सगळीकडे एकदम सुरू केलंत तर त्याचंही ओझं होतं. गाडी चालवताना मात्र हे अजिबात नको.